मासेमारीच्या शौकिनाची पहिली जपानवारी

इसापूरच्या जलाशयाकाठी, बेंबळ्याच्या फुगवट्यावर किंवा दिग्रसजवळ अरुणावतीच्या धरणावर पहाटेपासून गळ टाकून बसणाऱ्या मंडळींची एक स्वतंत्र जमात यवतमाळ जिल्ह्यात पूर्वापार नांदत आली आहे. पीकपाणी, कापसाचा भाव आणि पुढाऱ्यांची कर्तबगारी यांवर तासन्‌तास बोलत असतानाही पाण्यावर तरंगणाऱ्या काडीवरची नजर यत्किंचितही ढळू न देणे, हे या जमातीचे व्यवच्छेदक लक्षण होय. अलीकडे यांपैकी काहींची मुले परदेशी नोकरीस लागली, काहींना स्वतःच्याच मिळकतीतून दूरचा प्रवास परवडू लागला, आणि जगातील उत्तमोत्तम काठ्या व रिळे ज्या देशात घडतात त्या जपानात जाऊन एकदा गळ टाकावा, ही आकांक्षा त्यांच्या मनात स्वाभाविकपणे उत्पन्न झाली. प्रस्तुतचा मजकूर अशा पहिल्या खेपेच्या प्रवाशासाठी आहे.

अशा प्रवाशाच्या मनात प्रथम येते ते टोकियो, त्यानंतर खोल समुद्र आणि त्यानंतर प्रचंड आकाराचा ट्यूना. या तिन्ही गोष्टी पहिल्या खेपेस बाजूला ठेवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याने आयुष्यभर धरणाच्या संथ पाण्यात कणकेचा गोळा लावून रोहू आणि कटला काढला, त्याने एकदम उसळत्या समुद्रात अवजड यांत्रिक रीळ हाती धरून उभे राहणे म्हणजे खर्च भरपूर, ओकाऱ्या त्याहून भरपूर आणि आनंद मात्र बेताचा. आपल्याला अवगत असलेल्या विद्येची परिणती जिथे पाहावयास मिळेल तिथे आधी जावे, आणि अपरिचित विद्येकडे मागाहून वळावे, हाच क्रम श्रेयस्कर. या दृष्टीने मी वाचकास वाकायामा या प्रांताची शिफारस करतो.

वाकायामा हे नाव महाराष्ट्राच्या दप्तरी नवखे नाही. २०१३ साली महाराष्ट्र शासन आणि वाकायामा प्रांत यांच्यात सहकार्याचा करार झाला, आणि २०१५ साली त्याच प्रांतातील कोयासान या पर्वतावरील विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचे अनावरण महाराष्ट्राच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या हस्ते झाले. कामठीच्या ड्रॅगन पॅलेसमुळे जपानी बौद्ध स्थापत्याचा अल्पसा परिचय असलेल्या वैदर्भीय माणसाला कोयासानची वाट त्यामुळे अगदीच परकी वाटू नये. परंतु गळकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे, आणि ती पर्वतावर नसून पर्वताच्या पायथ्याशी, हाशिमोतो नावाच्या लहानशा शहरात आहे.

जपानात हेराबुना नावाचा एक मासा आहे. अंगाने चपटा, पाठीकडे उंच, चंदेरी खवल्यांचा, आणि गोत्राने आपल्या रोहू-कटल्याचाच दूरचा भाऊबंद. हा मुख्यतः पाण्यातील सूक्ष्म वनस्पती गाळून खाणारा असल्यामुळे गांडुळावर फारसा येत नाही. त्याला पाण्यात हळूहळू विरघळून धुरकट ढग निर्माण करणारा पिठाचा गोळाच लागतो, आणि तो गोळा उकडलेल्या बटाट्याची भुकटी, गव्हाचा कोंडा आणि गव्हातला चिकट अंश यांचे प्रमाण हवामान व पाण्याची खोली पाहून ठरवून मळावा लागतो. ज्याने कटल्यासाठी कणीक, बेसन आणि आपले एखादे गुप्त सुगंधी द्रव्य यांचे मिश्रण सिद्ध करण्यात हयात घालवली, त्याला हे वर्णन वाचताच आपण घरी आल्यासारखे वाटेल. भेद आहे तो सूक्ष्मतेत. हेराबुना गोळा तोंडात ओढून घेतो आणि नापसंत पडल्यास क्षणार्धात थुंकून टाकतो, म्हणून त्याच्यासाठी वापरली जाणारी तरंगणारी काडी वेतासारखी बारीक आणि वरच्या टोकाला रंगीत पट्ट्यांनी आखलेली असते, आणि त्यातली एक पट्टी किंचित दबली की हात उचलायचा असतो. काडी पुरती बुडेपर्यंत वाट पाहण्याची आपली सवय तिथे निरुपयोगी ठरते.

या माशासाठी रीळ लागत नाही. काठीच्या टोकाला दोरी बांधलेली, आणि दोरीची लांबी साधारण काठीइतकीच. म्हणजे आपल्याकडे पोरेसोरे नाल्यावर वापरतात त्याच जातीचे साधन. परंतु तेच साधन हाशिमोतोच्या कारागिरांनी कोणत्या कोटीला नेऊन पोहोचवले आहे हे डोळ्यांनी पाहिल्याखेरीज पटणार नाही. इथे तीन जातींचे बांबू निवडून, वर्षानुवर्षे वाळवून, निखाऱ्यावर धरून सरळ करून, एकमेकांत बसणाऱ्या तुकड्यांची काठी बनवतात. त्यांतील एका बांबूचे नावच कोया पर्वतावरून पडलेले आहे. सांध्यांवर रेशमी धागा गुंडाळून त्यावर लाखेसारख्या नैसर्गिक रोगणाचे लेप चढवले जातात, आणि एक काठी पुरी होण्यास महिनेच्या महिने लागतात. ‘किशू हेराझाओ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या काठीला जपान सरकारने २०१३ साली पारंपरिक हस्तकलेचा अधिकृत दर्जा दिला. तिची किंमत ऐकून बिचकू नये आणि लगोलग विकतही घेऊ नये. आधी ती हाती धरून पाहावी, कारण मासा लागल्यावर बांबू जो वाकतो, आणि वाकताना माशाचा प्रत्येक हिसका तळहातापर्यंत जसा पोहोचवतो, तसे कार्बनच्या काठीत होत नाही, असे तिथले जाणकार मानतात. आपल्या जिल्ह्यातही बांबू आहे आणि तो हाताळणारे बुरूड कारागीरही आहेत. टोपल्या-सुपांपलीकडे हा बांबू कुठवर जाऊ शकतो याची कल्पना यावी म्हणून तरी ही काठी प्रत्येक यवतमाळकराने पाहावी, असे मला वाटते.

याच शहरात काकुरेदानी नावाचा तलाव आहे, आणि तो काठी घडवणाऱ्या कारागिरांच्या संघटनेशीच निगडित असल्यामुळे विद्येचे उगमस्थान आणि तिची कसोटी या दोहोंचे दर्शन एकत्र घडते. अशा तलावांवर सर्वसाधारण शिरस्ता असा की दिवसाचे शुल्क भरावे, लाकडी फळ्यांच्या धक्क्यावर नेमून दिलेल्या जागी बसावे, गळाला उलटा काटा नसावा, मासा हातजाळीतच घ्यावा आणि इजा न करता परत पाण्यात सोडावा. मासा तोंडात न अडकता अंगाला कुठे तरी अडकला तर जाणता गळकरी तो जमेस धरीत नाही. घरी कालवण होणार नसेल तर मासा काढायचा कशाला, असा प्रश्न आपल्याकडील पुष्कळांना पडेल. त्यांनी अर्धा दिवस त्या धक्क्यावर बसून पाहावे आणि मगच आपले मत कायम करावे. साहित्य भाड्याने मिळते की नाही याची चौकशी मात्र आधी करून ठेवावी.

हाशिमोतोस जाणे अवघड नाही. कान्साई विमानतळावर उतरून नानकाई कंपनीच्या आगगाडीने ओसाकाच्या दक्षिण भागात यावे आणि तिथून कोया मार्गाची गाडी धरावी; तोच मार्ग पुढे डोंगर चढत जातो आणि अखेरचा चढ दोरगाडीने पार करून कोयासानला पोहोचता येते. नवव्या शतकात कूकाई या आचार्यांनी स्थापन केलेल्या या पर्वतावरच्या धर्मपीठातील अनेक मठांत प्रवाशांच्या मुक्कामाची सोय आहे आणि तिथले भोजन पूर्णतः शाकाहारी असते. पत्नी वा आई-वडील बरोबर असून ते माशाला शिवत नसतील तर त्यांच्या दृष्टीने प्रवासातला सर्वांत निर्धास्त मुक्काम हाच होय. आमिषाच्या पिशव्या आणि वास मारणारी हातजाळी घेऊन मठाच्या दारात उभे राहणे मात्र औचित्याला सोडून होईल. स्थानकावरील कुलपाच्या कपाटात ती ठेवून वर जावे.

आता कायद्याविषयी. आपल्याकडे तलाव आणि जलाशय मत्स्यव्यवसाय खात्यामार्फत मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात, संस्था मत्स्यबीज सोडते, आणि भोई बांधवांच्या त्या ठेक्याच्या पाण्यात परक्याने गळ टाकायचा तर आधी विचारावे लागते, हे यवतमाळकरास सांगावयास नको. न विचारता गळ टाकणारे असतात आणि त्यावरून होणारे तंटेही आपण पाहतो. जपानातील नद्यांचा बंदोबस्त याच तत्त्वावर, परंतु फार कसोशीने झालेला आहे. १९४९ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यान्वये नदीच्या त्या त्या भागाचा हक्क स्थानिक सहकारी संस्थेकडे असतो, त्या हक्काच्या मोबदल्यात माशांची वृद्धी करण्याची जबाबदारी संस्थेवर असते, आणि बाहेरून येणाऱ्या शौकिनाने संस्थेचा परवाना घेतल्यावाचून गळ पाण्यात घालावयाचा नसतो. परवाना दिवसाचाही मिळतो आणि वर्षाचाही. तो साहित्याच्या दुकानांत, काही किराणा दुकानांत आणि आता ‘फिशपास’सारख्या मोबाइल अॅपवरही मिळतो. काठावर फिरणाऱ्या तपासनिसाकडून ऐनवेळी घ्यावयाचा झाल्यास बहुतेक ठिकाणी जादा रक्कम द्यावी लागते. समुद्रात साध्या काठीने मासे धरण्यास असा परवाना सामान्यतः लागत नाही. परंतु शिंपले, कालवे, शेवंडे यांसारखे तळाचे जीव उचलण्यास स्थानिक संस्थेच्या हक्कामुळे बहुधा मनाई असते, आणि अॅबलोनी हा शंखातला जीव व समुद्री काकडी चोरून काढणाऱ्यास डिसेंबर २०२० पासून ३ वर्षांपर्यंत कैद अथवा ३ कोटी येनपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. तेव्हा खडकावर दिसलेला सुंदर शंख कौतुकाने पिशवीत टाकण्याचा मोह आवरावा.

नदीवरचा मासा म्हणजे आयु. हा वर्षभरच जगतो, वसंतात समुद्रालगतच्या पाण्यातून वर चढतो, म्हणजे आपल्या भाषेत हा चढणीचा मासा, आणि मोठा झाला की दगडावरचे शेवाळ खरवडून खातो. आपल्या वाट्याच्या शेवाळाच्या दगडापाशी दुसरा आयु फिरकला की तो त्याच्यावर तुटून पडतो, आणि त्याच्या या भाऊबंदकीवरच धरण्याची सारी युक्ती उभी आहे: जिवंत आयु दोरीला बांधून दगडापाशी नेतात, त्याच्या मागे मोकळे गळ सोडलेले असतात, आणि हद्दीचा मालक धक्का द्यायला आला की त्यात अडकतो. काठी ९ मीटरच्या आसपास लांब, पाणी वाहते आणि दगड निसरडे. त्यामुळे वाटाड्यावाचून हा प्रयोग पहिल्याच खेपेस करू नये. बहुतेक नद्यांत आयुचा हंगाम १ जूनला खुला होतो, वाकायामासारख्या उबदार प्रांतातील काही नद्यांत मे महिन्यातच. कोणत्याही नदीत उतरण्यापूर्वी वर धरण आहे काय आणि पाणी सोडण्यापूर्वी भोंगा वाजतो काय हे विचारून घ्यावे. इसापूरचे दरवाजे उघडल्यावर खाली पैनगंगेची काय अवस्था होते हे पाहिलेल्या माणसास याचे महत्त्व वेगळे समजावणे नको.

समुद्राची हौस असेलच तर हाशिमोतोहून किनोकावा नदीच्या कडेकडेने जाणाऱ्या गाडीने वाकायामा शहर गाठावे आणि तिथून कादा नावाच्या बंदरावर जावे. कादाची ख्याती ताई नावाच्या तांबूस माशाबद्दल आहे. जपानी लोकांचा एबिसू देव काखेत मारून बसलेला असतो तोच हा मासा, आणि तिकडे जाणाऱ्या लहान गाडीचे काही डबेही या माशाच्या रूपात रंगवलेले आहेत. इथले कोळी जाळे न टाकता एकेका गळाने ताई धरण्याची परंपरा राखून आहेत आणि शौकिनांना होडीतून नेणारे नावाडीही इथे आहेत. फेब्रुवारी २०१८ पासून लहान होड्यांच्या उघड्या भागावर बसणाऱ्या प्रत्येकाने मान्यताप्राप्त जीवरक्षक जाकीट घालणे बंधनकारक आहे. ते होडीवर मिळते, म्हणून आपले बरोबर नेण्याची तसदी घेऊ नये. ज्याला होडी लागते त्याने किनाऱ्यालगत समुद्रात जाळ्यांचे चौकोन बांधून त्यांत मासे सोडलेली जी गळठाणी या प्रांतात पुष्कळ आहेत, तिकडे वळावे. बंदराच्या धक्क्यांवर मात्र सर्वत्र गळ टाकता येत नाही; कचरा टाकणाऱ्या आणि गोंगाट करणाऱ्या शौकिनांमुळे अनेक धक्के बंद झालेले आहेत. पाटी वाचता येत नसेल तर शेजारच्या माणसास ‘कोको दे त्सुत्ते मो इइ देसु का?’ एवढे विचारावे, म्हणजे इथे मासे धरले तर चालेल का. त्याने दोन्ही हातांची फुली केली की निमूट पुढे व्हावे.

रात्रीच्या वेळी धक्क्यावर गोंझुइ नावाचा मिशाळ मासा लागतो. तो दिसतो आपल्या मांगूर-शिंगाड्याच्या पोरासारखा, अंगावर लांब पिवळसर पट्टे असलेला, आणि त्याचे काटे शिंगाड्याच्या काट्यापेक्षा कितीतरी अधिक विषारी असतात. मांगूर हाताने पकडण्याचे कसब इथे अंगलट येते. चिमट्याने धरून दोरी कापून टाकावी, आणि काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून वैद्य गाठावा. फुगु नावाचा विषारी मासा गळाला वारंवार येतो व दोरी कुरतडतो. त्याच्या विषावर उतारा नाही आणि तो साफ करण्याचा अधिकार परवानाधारकासच आहे, म्हणून त्याला परत सोडणे एवढेच आपले कर्तव्य.

भूकंपाचा धक्का जाणवला तर काठ्या-रिळे जागेवर टाकून उंच जागी जावे, कोणाच्या आज्ञेची वाट पाहू नये. कादाहून दक्षिणेस त्याच प्रांतात हिरोगावा नावाचे गाव आहे. १८५४ साली भूकंपानंतर समुद्र चालून आला तेव्हा हामागुची गोर्यो या सद्‌गृहस्थांनी अंधारात चाचपडणाऱ्या गावकऱ्यांना टेकडीची वाट दिसावी म्हणून भाताच्या पेंढ्यांच्या गंजी पेटवून दिल्या होत्या. संयुक्त राष्ट्रांनी ५ नोव्हेंबर हा त्सुनामी जागृतीचा दिवस ठरवला तो याच घटनेच्या स्मरणार्थ. गावात त्यांचे स्मारक-संग्रहालय आहे आणि जवळच्याच आरिदा नदीवर जाणाऱ्या गळकऱ्याने तिथे एक तास काढावा.

धरलेला मासा शिजवून देणाऱ्या खानावळी आणि निवासगृहे किनाऱ्यावर सापडतात. मुक्काम ठरवतानाच तसे विचारावे. नदीतला मासा कच्चा खाऊ नये. समुद्रातल्या बांगड्यासारख्या माशांतही आनिसाकिस नावाचा जंत असतो, म्हणून स्वतः धरलेला मासा स्वतःच कापून कच्चा खाण्याचे धाडस करू नये. शिजवलेला मासा उत्तम, आणि आपल्याला सवयही त्याचीच.

बिवा सरोवरातील बास माशाची कीर्ती व्हिडिओंतून आपल्या तरुणांपर्यंत पोहोचली आहे. २००९ साली मानाबू कुरिता यांनी तिथे १० किलोपेक्षा जड बास धरून १९३२ च्या जागतिक विक्रमाची बरोबरी केली, हे खरे. परंतु हा मासा परदेशी व उपद्रवी ठरलेला असून २००५ पासून तो जिवंत नेण्यास देशभर बंदी आहे, आणि बिवा ज्या शिगा प्रांतात आहे तिथल्या नियमानुसार धरलेला बास परत पाण्यात सोडताही येत नाही. हाशिमोतोत परत न सोडणे हा कसूर आणि बिवावर परत सोडणे हा कसूर, याचे भान ठेवावे.

सामानात काय न्यावे यापेक्षा काय नेऊ नये हे सांगणे अधिक उपयुक्त आहे. मातीतील गांडुळांची डबी नेऊ नये, कारण माती जपानात आणण्यास बंदी आहे. मटणाचे लोणचे वा कोणताही मांसाचा जिन्नस नेऊ नये, आणि ताजी फळेही नेऊ नयेत. लांब काठी नेण्याचा हट्ट धरू नये. तुकड्यांची काठी पेटीत मावते, आणि गळ, सुरी, चिमटे हे सारे विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानातच टाकावे, तर विद्युत्‌रिळाची वा फोनची सुटी बॅटरी नेमकी उलट, हातातल्या पिशवीत ठेवावी. पर्यटनासाठीचा इलेक्ट्रॉनिक व्हिसा भारतीयांना १ एप्रिल २०२४ पासून मिळू लागला आहे. तो विमानतळावर इंटरनेट चालू असलेल्या फोनवर दाखवावा लागतो, छापील कागद चालत नाही, म्हणून फोनची तजवीज निघण्यापूर्वीच करावी. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते. होडी पहाटे सुटते तेव्हा यवतमाळात मध्यरात्र असते, हे ध्यानात घेऊन उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी होडी ठरवू नये.

काळाचे म्हणाल तर जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत तिकडे पावसाळा, ऑगस्ट-सप्टेंबरात वादळे, आणि एप्रिलअखेरच्या सुट्यांत व ऑगस्टच्या मध्यास साऱ्या देशाची प्रवासाची झुंबड. सोयाबीन निघाल्यावर आणि कापूस वेचणीचा जोर चढण्यापूर्वी, म्हणजे ऑक्टोबरचा उत्तरार्ध, शेतकरी गळकऱ्यास सोयीचा आणि तिकडच्या समुद्रासही मानवणारा. आयुच हवा असेल तर मेअखेर गाठावी. कित्येक लहान नावाडी आणि तलावांचे मालक आरक्षण दूरध्वनीवर आणि जपानी भाषेतच घेतात, म्हणून निवासगृहाच्या चालकाकरवी ते करून घ्यावे, रोख येन जवळ ठेवावेत, आणि काही कारणाने जाणे होणार नसेल तर निदान आदल्या दिवशी तरी तसे अवश्य कळवावे. लहान होडीत जागा मोजक्या असतात, आणि तुमच्यासाठी राखलेली जागा त्या नावाड्याने दुसऱ्या कोणास तरी नाकारलेली असते.